‘सगळं चेनवर आहे, बघून घ्या’

प्रश्न: मी एका लेयर-टू चेनच्या (मुख्य ब्लॉकचेनच्या वर उभारलेल्या दुय्यम चेनच्या) डाओमध्ये, म्हणजे टोकनधारकांच्या मतदानावर चालणाऱ्या संस्थेत, नुकताच डेलिगेट झालो आहे; इतरांनी सोपवलेल्या टोकनवर मी मत देतो. समुदाय प्रकल्पांना दिलेल्या ग्रँटचा हिशोब मागितला की ‘सगळं चेनवर आहे, बघून घ्या’ असं उत्तर मिळतं. एवढं पुरेसं मानायचं का? नसेल तर नेमकं काय मागायचं, आणि कधी?

उत्तर:

पुरेसं नाही. हे उत्तर देणारा माणूस लबाडच असतो असं मात्र समजू नका. बरेचदा त्याला मनापासून वाटत असतं की व्यवहार दिसला म्हणजे हिशोब झाला. चेनवर दिसतं ते एवढंच: अमुक पत्त्यावरून (वॉलेटच्या क्रमांकावरून) तमुक पत्त्यावर इतके टोकन, म्हणजे चेनवरची डिजिटल नाणी, इतक्या वाजता गेले. पत्त्यामागे कोण आहे, पैसे कशापोटी गेले, दिले की उसने दिले, द्यायचं कुणी ठरवलं आणि ठरवणाऱ्याचं घेणाऱ्याशी काय नातं, पुढे काम झालं का, यातलं काहीही त्या नोंदीत नसतं.

मी डाओंच्या ग्रँट समित्यांसाठी प्रस्ताव आणि अहवाल तपासतो. त्याआधी पुण्यात धर्मादाय संस्थांचे हिशोब तपासायचो. तिथे नुसतं बँक स्टेटमेंट घेऊन आलेल्या खजिनदाराला आम्ही परत पाठवायचो. व्हाउचर आणा, कार्यकारिणीचा ठराव आणा, निधी देणाऱ्याला दिलेलं उपयोगिता प्रमाणपत्र आणा. ब्लॉकचेनने स्टेटमेंटमध्ये फेरफार करणं जवळपास अशक्य करून ठेवलं, आणि ही लहान गोष्ट नाही. बाकीचे तीन कागद अजूनही माणसांनाच लिहावे लागतात.

आर्बिट्रम या लेयर-टू चेनचं प्रकरण या बाबतीत नीट बघण्यासारखं आहे. मार्च २०२३ मध्ये एआरबी टोकनचं वाटप झालं आणि डाओ उभी राहिली. लगेच पहिला प्रस्ताव आला, एआयपी-१. त्यात सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं होतं: कारभाराचे नियम, सुरक्षा परिषद, आणि डाओचं कामकाज बघणाऱ्या आर्बिट्रम फाउंडेशनसाठी ७५ कोटी एआरबी. एकूण पुरवठा १,००० कोटींचा, म्हणजे ही रक्कम साडेसात टक्के; तेव्हाच्या भावाने एक अब्ज डॉलरच्या घरात जाणारी. त्यातून ‘विशेष ग्रँट’ द्यायच्या, सुरुवातीचा खर्च भागवायचा, कारभार चालवायचा, असं मोघम लिहिलेलं.

मतदान चालू असतानाच बोभाटा झाला की या रकमेतले काही टोकन आधीच हलले आहेत. मग फाउंडेशनचा खुलासा आला. हे मतदान म्हणे परवानगीसाठी नव्हतं. आधीच झालेल्या निर्णयांवर शिक्कामोर्तब करण्यासाठी होतं. सुमारे ५ कोटी एआरबी वापरले गेले होते. त्यातले ४ कोटी बाजारातल्या एका मोठ्या व्यापारी कंपनीला उसने दिले होते (ती विंटरम्यूट), आणि १ कोटी मोडून खर्चासाठी रोख रक्कम उभी केली होती.

आता यात चेनचा वाटा किती, ते तपासा. टोकन हलले हे चेनने सांगितलं, आणि ते लपवता आलं नाही, हे तिचं श्रेय. पण ४ कोटी उसने गेले आणि १ कोटी विकले गेले, हा फरक कुठल्याच ब्लॉकमध्ये लिहिलेला नव्हता. दोन्ही ठिकाणी नोंद एकच: इथून तिथे. उसनवारीच्या अटी काय, परत कधी येणार, व्याज किती, हे तर त्याहून दूर. फरक कळला तो निवेदनातून, आणि निवेदन आलं ते आरडाओरडा झाल्यावर. सत्तर टक्क्यांहून जास्त मतं विरोधात पडली.

पुढे झालेली दुरुस्ती मला भांडणापेक्षा जास्त शिकवून जाते. गाठोडं सोडवून वेगवेगळे प्रस्ताव केले. उरलेले ७० कोटी एआरबी एका स्मार्ट करारात (चेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) अडकवून चार वर्षांत हळूहळू सुटतील अशी सोय केली. खर्चाची फोड जाहीर केली. त्याच सुमाराला काही जणांनी ‘हे ७० कोटी डाओला परत करा’ असाही प्रस्ताव आणला होता, तो मात्र पडला. म्हणजे फाउंडेशनला पैसे द्यायला लोकांची ना नव्हतीच. आधी खर्च करून मग विचारलं, याचा राग होता. आणि दुरुस्तीतला खरा जोर अहवालात नव्हता, चार वर्षांच्या कुलपात होता. अहवाल गोड लिहिता येतो. करारातून महिन्याला ठरलेल्यापेक्षा जास्त टोकन मात्र निघत नाहीत.

तुमच्या ‘कधी’ या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: मतदानाच्या आधी. एकदा रक्कम एकरकमी निघून गेली की तुम्ही मागता ती माहिती म्हणजे विनंती होते. प्रस्तावात लिहून घेतलेली अट असेल तर ती देणं होतं.

युनिस्वॉप या विकेंद्रित एक्सचेंजचा २०२१ चा अनुभव त्याच जातीचा. जूनमध्ये युनि या तिथल्या टोकनच्या धारकांनी १० लाख युनि डीफाय एज्युकेशन फंडाला मंजूर केले. अमेरिकेतल्या धोरणकर्त्यांपुढे विकेंद्रित वित्तव्यवस्थेची बाजू मांडायची, असं काम. प्रस्ताव हार्वर्ड लॉ स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या गटाने आणलेला. खर्च चार-पाच वर्षांत करायचा होता. जुलैमध्ये फंडाने निम्मे, ५ लाख युनि, एका फटक्यात विकले आणि १ कोटी डॉलरहून थोडे जास्त यूएसडीसी (डॉलरशी भाव बांधलेलं टोकन) घेतले. गदारोळ झाला. माझं मत विचाराल तर विक्री शहाणपणाची होती. ज्याला पगार आणि वकिलांची फी डॉलरमध्ये द्यायची आहे, त्याने चार वर्षं टोकनच्या भावावर झोपून राहू नये. चूक एवढीच की विक्रीचं वेळापत्रक प्रस्तावात नव्हतं, त्यामुळे मत देणाऱ्यांना ते बाजारातून कळलं. दोन ओळी आधी लिहिल्या असत्या तर कुणी भुवई उंचावली नसती.

आता तुमच्यापुढे येतात तशा छोट्या प्रस्तावाकडे वळू. मोठ्या डाओंच्या भानगडी वाचायला रंजक असतात, पण डेलिगेटचा वेळ खातात त्या वीस-पंचवीस हजार डॉलरच्या ग्रँट. समजा प्रस्ताव असा आहे: ‘मराठीतून ब्लॉकचेन विकासाच्या कार्यशाळा, पाच शहरं, २०,००० डॉलर.’ बजेटात तीन ओळी. समन्वय ९,०००, अभ्याससाहित्य ६,०००, कार्यक्रम ५,०००. दिसायला स्वच्छ. पण वाचताना मी कुठे थांबेन ते सांगतो.

समन्वय ९,००० म्हणजे किती माणसं, किती महिने? हे लिहिलेलं नसेल तर ती ओळ म्हणजे रिकामी पिशवी, त्यात काहीही कोंबता येतं. त्या माणसांपैकी कुणी आपल्याच डाओत डेलिगेट आहे का, ग्रँट समितीत आहे का, की समितीतल्या कुणाच्या कंपनीत नोकरीला आहे? असायला हरकत नाही. हे जग लहान आहे, तीच तीच माणसं फिरून भेटतात. पण ते प्रस्तावात लिहिलेलं हवं आणि त्या डेलिगेटने या मतदानातून बाजूला राहायला हवं. अभ्याससाहित्याचे ६,००० घेऊन तयार झालेले धडे खुल्या परवान्याने प्रसिद्ध होणार, की त्या टीमच्या सशुल्क कोर्समध्ये जाणार? कार्यक्रमाचे ५,००० म्हणजे शहरामागे १,००० डॉलर; इंजिनिअरिंग कॉलेजचं सभागृह फुकट मिळत असेल तर चहा-नाश्ता आणि प्रवास वजा जाता काय उरतं? उरलं तर परत येणार का?

आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित प्रश्न: २०,००० डॉलर म्हणजे कुठल्या दिवशीचे? ग्रँट टोकनमध्ये असते. प्रस्ताव लिहिला त्या दिवशीच्या भावाने टोकनचा आकडा ठरतो, मतदान होऊन पैसे पोचेपर्यंत महिना-दीड महिना जातो. तेवढ्यात भाव दीडपट झाला तर टीमच्या हातात ३०,००० डॉलर येतात आणि वरच्या १०,००० बद्दल कुणीच बोलत नाही. भाव निम्म्यावर आला की मात्र तीच टीम वाढीव रकमेचा प्रस्ताव घेऊन दारात. दोन्ही बाजू आधीच लिहून घ्या: रक्कम स्टेबलकॉइनमध्ये (डॉलरशी भाव बांधलेल्या टोकनमध्ये), किंवा टोकनमध्ये पण देण्याच्या दिवसाच्या भावाने, आणि जास्तीचे परत ट्रेझरीत, म्हणजे डाओच्या तिजोरीत.

पैसे निघाल्यानंतर माग कुठे तुटतो तेही माहीत हवं. ट्रेझरीतून रक्कम ग्रँट समितीच्या मल्टिसिग वॉलेटात जाते, जिथे पाचपैकी तीन सह्या लागतात अशा धर्तीची व्यवस्था असते. इथपर्यंत सगळं लख्ख दिसतं. तिथून ती प्रकल्पाच्या वॉलेटात जाते. हा पत्ता प्रस्तावात जाहीर केलेला असेल तर अजूनही दिसतं. पुढची पायरी म्हणजे एक्सचेंज, जिथे टोकन मोडून रुपये किंवा डॉलर मिळतात. एक्सचेंजच्या डिपॉझिट पत्त्यावर टोकन पडले की चेनच्या दृष्टीने गोष्ट संपली. रुपये किंवा डॉलर कुणाच्या खात्यात उतरले, त्यातून कुणाचं बिल भागलं, हे कुठलाच ब्लॉक एक्सप्लोरर (चेनवरच्या नोंदी दाखवणारी वेबसाइट) सांगणार नाही. म्हणजे चेनची पारदर्शकता जिथे संपते नेमका तिथे खरा खर्च सुरू होतो. म्हणून ग्रँटसाठी वेगळं वॉलेट मागा, ज्यात टीमचा दुसरा कुठलाही पैसा मिसळणार नाही. सगळं एकाच वॉलेटात असलं की प्रामाणिक टीमलाही नंतर आपला हिशोब वेगळा काढता येत नाही.

हप्त्यांची पद्धत आता बऱ्यापैकी रुळली आहे. कार्डानो या ब्लॉकचेनच्या प्रोजेक्ट कॅटॅलिस्ट या ग्रँट कार्यक्रमात टप्पे आधी लिहून द्यावे लागतात, टप्पा पुरा झाल्याचा पुरावा दिल्यावर तो तपासला जातो आणि मग पुढचा हप्ता सुटतो. शेवटी समारोपाचा अहवाल आणि व्हिडिओ लागतो. दुसरी पद्धत अशी की टोकन करारातून थोडे थोडे झिरपत राहतात आणि समितीला मध्येच ती धार बंद करता येते. दोन्हीत मला टप्प्यांची पद्धत जास्त पटते, कारण तीत कुणाला तरी बसून पुरावा उघडून बघावाच लागतो. धार आपोआप वाहते, त्यामुळे बंद करण्याची तसदी कुणी घेत नाही.

पुरावा उघडून बघण्यात काय सापडतं, त्याचा एक नमुना. एका प्रकल्पाने, नाव सांगत नाही, दोन शहरांतल्या दोन कार्यशाळांचे फोटो दोन वेगवेगळ्या अहवालांत पाठवले. बॅनर एकच असणं समजू शकतो, तो बरोबर नेता येतो. पण मागच्या फळ्यावर तीच आकृती, त्याच कोपऱ्यात अर्धवट पुसलेला तोच बाण. दुसरा अहवाल त्याआधी तिघांनी ‘उत्तम काम’ म्हणून मान्य केला होता. त्या तिघांनी फसवलं असं मी म्हणत नाही. त्यांनी फोटो आहे की नाही एवढं पाहिलं, फोटोत काय आहे ते पाहिलं नाही.

माहिती उघडी असणं आणि ती कुणी वाचणं या दोन गोष्टी आहेत, याचा कंपाउंड या चेनवरच्या कर्जव्यवस्थेइतका झणझणीत दाखला दुसरा नाही. जुलै २०२४ मध्ये तिथे सुमारे ४ लाख ९९ हजार कॉम्प टोकन, म्हणजे साधारण २ कोटी ४० लाख डॉलर, एका गटाच्या योजनेत गुंतवण्याचा प्रस्ताव मंजूर झाला. ६ लाख ८२ हजार मतं बाजूने, ६ लाख ३४ हजारांच्या आसपास विरोधात. तो गट महिनोन् महिने बाजारातून कॉम्प गोळा करत होता. आधीच्या प्रयत्नांत यश आलं नव्हतं, तरी त्यांनी पुन्हा मांडला, आणि मतदान शनिवार-रविवारी संपलं. यातलं काहीही गुपित नव्हतं. खरेदी चेनवर, प्रस्ताव चेनवर, मतं चेनवर. पुरेसे डेलिगेट वेळेत जागे झाले नाहीत एवढंच. पुढे काही दिवसांत तडजोड होऊन प्रस्ताव मागे घेतला गेला, ती गोष्ट वेगळी.

याच्या उलट बाजूला पोल्काडॉट ही ब्लॉकचेन. जून २०२३ पासून तिथे ओपनगव्ह ही पद्धत आली. लहान-मोठ्या खर्चासाठी वेगळे मार्ग, कुणीही प्रस्ताव मांडावा, धारकांनी थेट मत द्यावं. २०२४ च्या पहिल्या सहामाहीचा ट्रेझरी अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं की सहा महिन्यांत ८ कोटी ७० लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला, आणि त्यातले ३ कोटी ७० लाखांच्या आसपास जाहिराती, प्रायोजकत्व, इन्फ्लुएन्सर, कार्यक्रम असल्या प्रसिद्धीवर. हाच वेग राहिला तर शिल्लक साधारण दोन वर्षं पुरेल, असंही त्यात लिहिलेलं. बाहेर खूप टवाळी झाली. मला मात्र तो अहवाल त्या वर्षातलं सगळ्यात उपयोगी काम वाटला. प्रत्येक प्रस्ताव सुटा सुटा मंजूर झाला होता आणि सुटा बघताना प्रत्येकाचं काही ना काही समर्थन होतं. कुणीतरी बसून त्यांची वर्गवारी केली, बेरीज मारली, तेव्हा कुठे डोळ्यांवर आलं. त्यातून तिथला एक नियम असा होता की ट्रेझरीतल्या न वापरलेल्या शिल्लकीचा एक टक्का दर २४ दिवसांनी जाळला जायचा. ‘नाहीतरी जळणारच, मग खर्च करू’ हा विचार त्यातून कसा फोफावतो, हे ज्याने सरकारी खात्यातला मार्चअखेर पाहिलाय त्याला समजावून सांगायला नको.

बेरीज मारायला सगळ्यांच्या नोंदी एका साच्यात हव्यात, आणि तिथे गाडी अडते. एका ग्रँट कार्यक्रमाचा हिशोब स्प्रेडशीटमध्ये, दुसऱ्याचा नोशनच्या पानावर, तिसऱ्याचा डिस्कॉर्डमधल्या एका पिन केलेल्या संदेशात. यासाठी डाओंकरता सामायिक प्रमाणं ठरवणाऱ्या डाओस्टारने डीएओआयपी-५ नावाचं प्रमाण मांडलं आहे: ग्रँटची माहिती कुठल्या रकान्यांत लिहायची याचा ठरलेला आराखडा. कर्मा नावाच्या टीमचं साधन टप्पे आणि अद्ययावत नोंदी सहीनिशी चेनवर टाकतं. दोन्ही चांगली आहेत, पण साधन आणलं म्हणजे शिस्त आली असं होत नाही. टप्प्यापुढे ‘पूर्ण’ असं टीमनेच लिहिलं आणि दुसऱ्या कुणी तपासलं नाही, तर ती चेनवरची नोंदसुद्धा त्यांचं स्वतःचं म्हणणंच असते, फक्त कायमचं.

काही जण म्हणतात, आधी पैसे द्यायचेच कशाला? काम होऊ द्या, उपयोग दिसू द्या, मग द्या. ऑप्टिमिझम या लेयर-टू चेनचा रेट्रो निधी याच विचाराचा. २०२१ च्या अखेरीस १० लाख डॉलरची पहिली फेरी, मग १ कोटी ओपी (तिथलं टोकन), मग तिसऱ्या फेरीत ३ कोटी ओपी. पैसे कसे वापरले याचा हिशोब इथे मागायचाच नसतो, कारण ते झालेल्या कामाचं मोल असतं. माझ्यासारख्या ऑडिटवाल्याला हे ऐकून हायसं वाटायला हवं. पण प्रश्न मिटत नाही, जागा बदलतो: काम उपयोगी होतं हे ठरवणार कोण आणि कशावरून? तिसऱ्या फेरीत मतदानाला सहाशेहून जास्त प्रकल्प होते (निधी मिळाला ५०१ जणांना) आणि मत देणारे बॅजधारक दीडशेच्या आसपास. एवढे अर्ज नीट वाचणं कुणाही नोकरदार माणसाला शक्य नाही. मग कुणी तरी केलेल्या याद्या इतर जण उचलत गेले, आणि अर्जातले आकडे म्हणजे प्रकल्पांनी स्वतःच दिलेले. २०२४ च्या चौथ्या फेरीत त्यांनी रीत पालटली: बॅजधारकांनी प्रकल्पांना मत न देता मोजमापांना द्यायचं, कुठल्या आकड्याला किती वजन, आणि त्या सूत्राने वाटप. पारदर्शक म्हणाल तर पूर्ण. आकडा फुगवायला प्रोत्साहन म्हणाल तर तेही तितकंच.

मतं किती उघडी असावीत, हा याच्याच शेजारचा प्रश्न. अंगावर यायला नको म्हणून बरेच जण तो टाळतात. खुल्या प्रकल्पांसाठी देणग्या गोळा करणाऱ्या गिटकॉइनने २०१९ पासून चालवलेल्या फेऱ्या क्वाड्रॅटिक पद्धतीच्या; तिथे देणगी हेच मत. सूत्र असं की प्रत्येक देणगीचं वर्गमूळ काढायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि तिचा वर्ग करायचा. १०० जणांनी १-१ डॉलर दिला तर वर्गमुळांची बेरीज १००, तिचा वर्ग १०,०००. एकट्याने १०० डॉलर दिले तर वर्गमूळ १०, वर्ग १००. सामायिक निधी या आकड्यांच्या प्रमाणात वाटला जातो, म्हणजे दोन्ही प्रकल्पांनी सारखेच शंभर डॉलर आणले, पण पहिल्याचं पारडं शंभरपट जड. कल्पना देखणी आहे. साहजिकच एकाच माणसाने शंभर वॉलेट उघडायची आणि शंभर जण असल्याचा देखावा करायचा, हा धंदा सुरू झाला, आणि ओळख पडताळणीची पासपोर्ट व्यवस्था आणावी लागली. दुसरी गोम अशी की देणगी जगाला दिसत असल्यामुळे ‘अमुक प्रकल्पाला दे, तुझी नोंद बघून तुला अमुक देतो’ असा सौदा करता येतो. पुरावा चेनच देते! म्हणून इथेरियमचा सहसंस्थापक व्हिटालिक ब्युटेरिनने २०१९ मध्ये मासी ही रचना सुचवली: कुणी कुठे मत दिलं ते झाकलेलं, पण मोजणी बरोबर झाली याचा गणिती पुरावा उघडा. तेव्हा सगळंच उघडं करा असं सरसकट म्हणू नका. मोठ्या डेलिगेटचं मत उघडं हवं, कारण तो इतरांच्या टोकनवर मत देतो. पाच डॉलर देणाऱ्या सामान्य माणसाचं झाकलेलं चालेल.

झाकण्यावरून आणखी एक. काही समित्या पारदर्शकतेच्या उत्साहात उपस्थितीपत्रकंसुद्धा आयपीएफएसवर (अनेक संगणकांवर फाइल साठवणाऱ्या खुल्या जाळ्यावर) चढवतात. त्यात कॉलेजातल्या मुलींची नावं, मोबाइल नंबर, ईमेल. एकदा चढवलेलं आणि इतरांनी साठवलेलं तिथून पुसता येत नाही. हे कृपा करून करू देऊ नका. किती आल्या, कुठल्या संस्थेतून आल्या, एवढं जाहीर करा; यादी समितीतल्या एकाने बघून ‘पाहिली’ म्हणून सही करावी. तसंच, टीममधल्या कुणाला किती टोकन मिळाले हे नाव-गावासकट छापू नका. क्रिप्टो बाळगणाऱ्यांना घरात शिरून लुटण्याचे प्रकार जगभर झालेले आहेत. भूमिका आणि मानधन पुरतं. आणि ३,००० डॉलरच्या ग्रँटला दर पंधरा दिवसांनी अहवाल मागणारी समिती मला अहवालचोर टीमइतकीच नकोशी वाटते. अशा ग्रँटला शेवटी एक पान आणि कामाची लिंक पुरे. रकमेच्या मानाने जाच वाढवा.

तुमच्या डाओतून भारतात पैसे येणार असतील तर इथली बाजू वेगळी बघावी लागते. मे २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ब्युटेरिनने ५० लाख कोटी शिबा इनू टोकन पॉलिगॉन या चेनचे सहसंस्थापक संदीप नेलवाल यांनी उभ्या केलेल्या क्रिप्टो रिलीफ निधीला दिले. कागदोपत्री किंमत तेव्हा एक अब्ज डॉलरच्या आसपास. ही डाओ नव्हती, पण देणगी सगळ्या जगाला चेनवर दिसत होती आणि ‘पैसे आले, मग पोचत का नाहीत’ हा प्रश्नही जगाला पडला होता. टोकन विकायला वेळ लागणार होताच. शिवाय इथे परदेशी देणग्यांचा कायदा आडवा होता. २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देणं बंद झालं होतं, आणि निधी घ्यायचा तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच. अखेर २०२२ च्या सुरुवातीला त्यातले १० कोटी डॉलर ब्युटेरिनकडे परत गेले, जेणेकरून ते कोविड संशोधनावर बाहेरून लवकर खर्च करता यावेत. चेन सेकंदात पैसे पोचवते. त्यानंतरचं सगळं देशाच्या कायद्याच्या चालीने चालतं. त्यामुळे अर्जदार संस्था नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर परदेशी निधी घ्यायची परवानगी आहे का हे मतदानाआधी विचारा. व्यक्ती किंवा कंपनी असेल तर करसल्लागाराशी बोलली आहे का ते विचारा. आभासी मालमत्तेच्या विक्रीतल्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. बजेटात याची ओळ नसलेला प्रस्ताव तीन महिन्यांनी पैसे कमी पडले म्हणून परत येतो. टीमने टोकन मिळाल्याच्या दिवसाचा भाव आणि मोडल्याच्या दिवसाचा भाव, दोन्ही लिहून ठेवायला हवेत. करासाठी लागतात आणि तुम्हाला द्यायच्या हिशोबालाही तेच लागतात.

शेवटी तुम्हाला हवा असलेला मजकूर. पुढच्या समुदाय ग्रँटच्या प्रस्तावात एवढा परिच्छेद घालायला सांगा, गरजेप्रमाणे आकडे बदला:

‘ही रक्कम फक्त पुढे दिलेल्या वॉलेटात घेतली जाईल आणि त्यात दुसरा निधी मिसळला जाणार नाही. टोकनची संख्या प्रत्येक हप्ता देण्याच्या दिवसाच्या भावाने ठरेल. पहिला हप्ता ३० टक्के. पुढचे हप्ते टप्प्याचा पुरावा समितीबाहेरच्या दोन डेलिगेटांनी तपासून लेखी मान्य केल्यावर. टोकन मोडल्यास तारीख, भाव आणि कारण सात दिवसांत जाहीर करू. आमच्यापैकी कुणाचा या डाओच्या डेलिगेटांशी किंवा समिती सदस्यांशी आर्थिक संबंध असल्यास तो खाली लिहिला आहे. उरलेली रक्कम काम संपल्यापासून तीस दिवसांत ट्रेझरीत परत जाईल.’

‘समितीबाहेरच्या दोन डेलिगेटांनी’ या शब्दांवर विरोध होईल, कारण ते काम कुणालाच नको असतं. त्यासाठी ग्रँटच्या एक-दोन टक्के मानधन ठेवायला सुचवा आणि पहिल्या खेपेला स्वतःचं नाव द्या. टीमने परिच्छेद नाकारला तर का नाकारला ते विचारा. कधी कधी कारण रास्त असतं, उदाहरणार्थ हार्डवेअर एकदम घ्यावं लागतं म्हणून ३० टक्क्यांत भागत नाही. कारणच दिलं नाही तर विरोधात मत द्या आणि मत देताना ते तिथेच लिहा.